पहिल्या पाण्याचं सूप

खोटं बोलण्यात माझा हात धरणारं आमच्या खात्यात कुणी नाही, असं मी मागच्या वर्षापर्यंत छाती पुढे काढून सांगत असे. वाईट खोटं नव्हे हं! कुणाचं नुकसान करणारं नव्हे. ‘साहेब, ड्रॉइंग होतच आलंय’, ‘ताई, तुमची तक्रार वर कळवलीय’, ‘पाणी दुपारपर्यंत येतंय’ या जातीचं. पाणीपुरवठ्याच्या केंद्रात सहा वर्षं कनिष्ठ अभियंता म्हणून काढलेल्या बाईला एवढं यावंच लागतं. पण मागच्या अभियंता दिनाच्या आधी मी एक वाक्य बोलून गेले, आणि त्या वाक्यानं मला असं काही गरगरा फिरवलं की बढाई मारायची सोय उरली नाही.

आमच्याकडे अभियंता दिन म्हणजे मोठ्या साहेबांचं दीड तासाचं भाषण. विषय दरवर्षी एकच, पाइप. पाइपाचा इतिहास, पाइपाचं भवितव्य, पाइप आणि आपण. मग प्रत्येकाला अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. तीही आम्हा चौदा अभियंत्यांनाच. पंप चालवणारे, फिटर, गाळण टाक्या धुणाऱ्या बायका, पहारेकरी ही सगळी मंडळी बाहेरून टाळ्या ऐकायची. टाळ्या भाषण संपल्याच्या आनंदाच्या असायच्या, हे त्यांनाही कळत असावं.

तर, त्या वर्षीच्या तयारीच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, यंदा काही वेगळं सुचतंय का कुणाला. साडेबारा वाजून गेले होते आणि मला सपाटून भूक लागली होती. पुढच्या एवढ्या मोठ्या प्रकाराला हे कारण फार किरकोळ वाटेल, पण खरं कारण तेवढंच. मी म्हटलं, यंदा सगळ्यांसाठी जेवण करू या. सगळ्यांसाठी म्हणजे पंचेचाळीस माणसांसाठी.

साहेबांनी चष्मा काढला. साहेबांची नव्या गोष्टीला हरकत कधीच नसते, फक्त ती जुनी असावी लागते.

“पूर्वी असं झालंय का?” त्यांनी विचारलं.

“झालंय ना साहेब,” मी म्हणाले. “जुनी प्रथाच आहे ती.”

खोलीत चौदा माणसं आणि एक पंखा. पंखा सोडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मागे फिरणं शक्य नव्हतं, म्हणून मी पुढे धावले. म्हटलं, केंद्र सुरू झालं त्या दिवशी पंपातून जे पहिलं पाणी आलं ना, त्या पाण्यात अभियंत्यांनी सूप शिजवलं होतं. स्वतःच्या हातानं बटाटे सोलून. आणि एकाच पातेल्यातून सगळे जेवले होते. पहिल्या पाण्याचं सूप म्हणायचे त्याला.

माझ्या तोंडून ते इतकं सुंदर बाहेर आलं की क्षणभर माझाही विश्वास बसला. साहेबांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. फक्त कोपऱ्यात बसलेल्या नकाशेवाल्या काकांनी, म्हणजे आमच्या जुन्या ड्राफ्ट्समननी, पेन्सिल खाली ठेवली आणि हे कुठे वाचलंत म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका जुन्या फायलीत. कुठल्या, म्हणाले. मी सांगितलं की तिला वाळवी लागली होती.

काकांनी माझ्याकडे एकदा रोखून बघितलं. मग पेन्सिल पुन्हा उचलली.

इथे थांबलं असतं तर मी आज तुम्हाला काही सांगत बसले नसते. पण साहेबांना या प्रथेचं वेड लागलं. रोज अकराच्या ठोक्याला माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि साहेब एक प्रश्न विचारायचे. मी एक उत्तर द्यायची. ते उत्तर साहेब लगेच टिपणात घालायचे, आणि टिपणाची प्रत वरच्या कार्यालयात जायची. माझ्या बढतीचा कागद पाच वर्षं त्याच वरच्या कार्यालयात झोपलेला होता, हेही सांगून ठेवते. हे सगळं उघडकीला आलं असतं तर त्या कागदाची झोप कायमची झाली असती.

साहेबांनी विचारलं, त्या दिवशी वाढलं कुणी? आता इथे मात्र मला खोडी सुचली. आमचे साहेब खालच्या माणसांबरोबर कधी चहाही घेत नसत. मी म्हटलं, सर्वात मोठ्या साहेबांनी. आपल्या हातानं. आधी टाक्या धुणाऱ्यांना आणि पंपवाल्यांना, मग अभियंत्यांना, आणि स्वतः शेवटी. साहेबांनी ते मला दोनदा म्हणायला लावून टिपून घेतलं. मग साहेब म्हणाले, थोर माणसं होती.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, मीठ कुणी घातलं? मी म्हटलं, सर्वात कनिष्ठ अभियंत्यानं. आणि चव कुणी बघितली? मला काही सुचेना, म्हणून सांगून टाकलं, की कुणीच नाही. अभियंत्यांचा आपल्या गणितावर विश्वास होता. हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते टिपणात अधोरेखित केलं. शेवटी, जेवण सुरू कसं झालं, असं विचारलं. तोपर्यंत मी निर्ढावले होते. सगळ्यांनी पहिला चमचा एकदम घ्यायचा, साहेब. आणि सर्वात वयोवृद्ध अभियंता पहिला शब्द बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

“वा,” साहेब म्हणाले. “मग आपण पहिल्या साहेबांनाच बोलावू.”

मी म्हटलं, कुठले पहिले साहेब?

तर हे केंद्र ज्यांनी उभं केलं, पहिला पंप ज्यांनी स्वतः सुरू केला, ते. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, पण चांगले खणखणीत. नकाशेवाल्या काकांना पत्ता ठाऊक होता. त्यांनीच सुचवलं होतं म्हणे, की तेच काय ते खरं सांगतील.

मी फोन खाली ठेवला. ज्या दिवसाबद्दल मी पंधरा दिवस थापा मारत होते, त्या दिवशी तिथे हजर असलेला माणूस येऊन माझ्या शेजारी बसणार होता!

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बेत असा की सुनेला गाठायचं आणि सांगायचं, हॉलमध्ये फार उकडतं, पायऱ्या फार आहेत, आजोबांना कशाला त्रास. सुनेनं दार उघडलं. मी कुठून आले ते सांगितलं, तर बाई माझा हात धरूनच बसल्या. म्हणाल्या, निवृत्त होऊन तीस वर्षं झाली, ऑफिसातून घरी आलेलं पहिलं माणूस तुम्ही. दुपारी निमंत्रणाचा फोन आल्यापासून त्यांनी दोनदा कोट चढवून बघितलाय. यानंतर पायऱ्यांचा विषय काढायला माझी जीभ रेटेना.

मग ठरवलं, खरं सांगून टाकायचं. आजोबा आतल्या खोलीत खिडकीजवळ बसले होते. सून म्हणाली, जरा मोठ्यानं बोला हं, आणि चहा करायला गेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, “आजोबा, ती सुपाची प्रथा मी बनवलीय.”

“काय म्हणतेस?”

“मी बनवलीय ती. खोटी आहे.”

“मोठ्यानं बोल, पोरी.”

आता आपलं पाप कुजबुजून सांगणं वेगळं आणि पंप चालू असताना हाका मारतात तसं ओरडून सांगणं वेगळं. पण ओरडले. तीनदा ओरडले. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीचा पडदा सरकवून बघितलं. आजोबा शांतपणे माझ्याकडे बघत होते. सगळं ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, “बटाटे कुठले घेणार?”

मी चहा पिऊन परत आले. चहाही अगदी फिका होता. सासऱ्यांना अकरा वर्षं मीठ बंद आणि साखर जेमतेम, असं सुनेनं कौतुकानं सांगितलं.

अखेर तो दिवस उजाडला. पंचेचाळीस माणसांना बावीस लिटर सूप पुरलं असतं, पण आम्ही पडलो अभियंते. लागेल त्याच्या दुप्पट धरायची सवय. पंचेचाळीस लिटर ठरलं. सकाळी सातला चौदा अभियंते कॅन्टीनच्या मागच्या अंगणात बटाटे सोलायला बसले. कॅन्टीनच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. एका साहेबांनी बटाट्याचे तुकडे सारखे हवेत म्हणून मोजपट्टी आणली. दुसऱ्यांनी गाजर उभं चिरायचं की आडवं, यावर ताकदीचा मुद्दा काढला. तासाभरात अकरा बटाटे झाले. शेवटी मावशींनी सगळ्यांना बाजूला केलं, दोन टाक्या धुणाऱ्या बायकांना हाताशी घेतलं आणि अर्ध्या तासात उरलेलं संपवलं. मावशींना एकच गोष्ट खटकली होती. चव न घेता मी आजवर कुणाला वाढलं नाही, त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, प्रथा आहे. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते नकाशेवाल्या काकांसारखंच होतं.

मीठ प्रयोगशाळेतल्या तराजूवर मोजलेलं होतं. बरोबर तीनशे साठ ग्रॅम, एका पांढऱ्या वाडग्यात, पातेल्याशेजारी.

आता नीट ऐका. टिपणात शब्द होते ‘सर्वात कनिष्ठ अभियंता’. आमच्याकडे वयानं सर्वात लहान एक तेवीस वर्षांची मुलगी आहे, परीक्षा देऊन थेट माझ्या वरच्या पदावर आलेली. तिनं नऊ वाजता येऊन भक्तिभावानं वाडगा पातेल्यात रिकामा केला. नोकरीत सर्वात नवे म्हणजे पन्नाशीचे एक गृहस्थ, गेल्याच महिन्यात दुसऱ्या खात्यातून आलेले. ते साडेनऊला आले. तोवर मावशींना वाडगा रिकामा दिसला होता, आणि समारंभाला तर भरलेला हवा, कुणीतरी सांडला असेल, म्हणून त्यांनी तो मोजून पुन्हा भरला होता. गृहस्थांनी तो ओतला. मावशींनी तो परत भरला. आणि हुद्द्यानं सर्वात खालची कोण? अस्मादिक! मी दहा वाजता, सगळ्यांच्या देखत, साहेबांनी दोन शब्द बोलल्यावर, तिसरा वाडगा ओतला. टाळ्या पडल्या.

पहिले साहेब आले. कोट घातलेला, एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला सून. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. मोठे साहेब बाह्या वर करून पळी घेऊन उभे राहिले आणि एकेकाला वाढू लागले. आधी टाक्या धुणाऱ्या बायका, मग पंपवाले, फिटर, पहारेकरी. हे दृश्य आमच्या केंद्रानं कधी पाहिलं नव्हतं. एका बाईनं वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि साहेबांनी पळी काठोकाठ भरली. खोट्यातून का होईना, हे घडलं खरं, असं मला वाटून गेलं.

मग साहेबांनी खूण केली आणि चाळीसेक चमचे एकदम तोंडात गेले.

समुद्रात पोहताना नाकातोंडात पाणी जातं, तसं झालं. त्यात बटाटे होते एवढाच फरक! मी डोळे उघडले तेव्हा समोरच्या पहारेकऱ्याच्या मिशा थरथरत होत्या. साहेबांचे कान लाल झाले होते. तेवीस वर्षांची मुलगी छताकडे बघत होती. पण बोलायचं कसं? सर्वात वयोवृद्ध अभियंता पहिला शब्द बोलेपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं! सगळ्यांच्या माना पहिल्या साहेबांकडे वळल्या.

पहिले साहेब सावकाश सूप पीत होते. अकरा वर्षं ज्याच्या जिभेला मीठ लागलेलं नाही, असा तो माणूस. एक चमचा घ्यायचे, डोळे मिटायचे. पुन्हा एक. चेहरा असा की जणू हरवलेली चिठ्ठी सापडलीय. त्यांचं चालू आहे म्हटल्यावर आदर म्हणून बाकीच्यांनीही दुसरा चमचा घेतला. चाळीसेक माणसांनी! तिसऱ्या चमच्यानंतर सुनेनं, जी तोवर स्वतःच्या घोटानं गुदमरत होती, झडप घालून सासऱ्यांचा वाडगा काढून घेतला.

पहिल्या साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि काठीवर जोर देऊन उभे राहिले. मी मनातल्या मनात राजीनाम्याची पहिली ओळ लिहीत होते.

“अगदी तसंच झालंय,” ते म्हणाले. “तेव्हाही खारटच होतं.”

सगळीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. ते पुढे बोलत राहिले, हळू, पण स्पष्ट. पंप सुरू होईना म्हणून दोन दिवस ते आणि त्यांचे सोबती जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. तेव्हा खोदकामावरच्या बायकांनी आपल्यासाठी शिजवलेले बटाटे आणून यांच्या पुढे ठेवले. दोघीजणी शिजवत होत्या, दोघींनी मीठ घातलं होतं. यांनी तिथेच मातीत बसून खाल्लं आणि खाता खाता झोप लागली. जाग आली तेव्हा त्या बायका दुसऱ्या कामावर निघून गेल्या होत्या.

“मी वाढलं नव्हतं. मला वाढलं होतं,” ते म्हणाले. “आभार मानायचे राहिले. चोपन्न वर्षं झाली.”

मग ते टाक्या धुणाऱ्या बायकांकडे आणि पंपवाल्यांकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले की त्या आता कुठे असतील ठाऊक नाही, म्हणून तुमचेच मानतो. त्या बायकांना काय करावं कळेना. त्यांनीही हात जोडले. हॉलमध्ये आता बोलायची परवानगी होती, पण कुणी बोलेना.

शेवटी मावशी म्हणाल्या, “प्रथा संपली असेल तर आता मी चव बघू का?”

त्यांनी बघितली. डोळे बारीक केले आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. मीठ तिप्पट आहे, तर बाकी सगळंही तिप्पट. पाण्याची आम्हाला कमी नव्हतीच! बटाटे, कांदे, गाजरं आणायला फिटर धावले. समोरच्या घरांतून मोठी पातेली आली. साहेबांनी पळी खाली ठेवून स्वतः बटाटे सोलायला घेतले आणि मावशींनी त्यांना सालं जाड निघतायत म्हणून दोनदा टोकलं. तास-दीड तासात एकशे पस्तीस लिटर सूप तयार झालं, आणि शपथेवर सांगते, तसं सूप मी पुन्हा प्यायले नाही.

पंचेचाळीस माणसं एवढं संपवणार कशी? साहेबांनी फाटक उघडायला सांगितलं. एरवी आमच्या फाटकाशी लोक तक्रारीचे कागद घेऊन येतात. त्या दिवशी डबे घेऊन आले. गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागली, आणि त्या रांगेत पाण्याच्या दाबाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. साहेब वाढत होते. टाक्या धुणाऱ्या सर्वात जुन्या बाईला दुसऱ्यांदा वाढताना त्यांनी विचारलं, तुम्ही किती वर्षं आहात इथे. एकोणीस, ती म्हणाली. साहेब सोळा वर्षं आहेत. ते पळी धरून तसेच उभे राहिले. मग तिच्या वाडग्यात आणखी एक पळी घातली. त्या वर्षी पाइपावर भाषण झालं नाही.

पहिल्या साहेबांना गाडीत बसवायला मी गेले. सून पुढे बसली होती. मी खिडकीशी वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, की आजोबा, खरंच झालं होतं का ते.

ते हसले. “तू त्या दिवशी ओरडलीस ते सगळं ऐकू आलं मला. समोरच्यांनाही आलं.”

मी मान खाली घातली.

“बटाटे खरे,” ते म्हणाले. “खारट होते, तेही खरं. आभार राहिले होते, ते तर सगळ्यात खरं. चोपन्न वर्षांत ते म्हणायला मला कुणी जागा दिली नव्हती, पोरी.” त्यांनी माझा हात थोपटला. “बाकीचं काय ते तुझं तू बघ.”

गाडी गेली. मी फाटकाशी उभी राहून यथेच्छ रडून घेतलं. मला वाचवलं म्हणून आभार मी मानायचे, तर तेच माझे मानून गेले.

त्यानंतर खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम हेच, म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, त्या प्रथेबद्दल तुम्हाला एक खरं सांगायचंय. साहेबांनी हातानं थांबवलं. बसा, म्हणाले. वरच्या कार्यालयाला टिपण आवडलंय, दरवर्षी सगळ्या केंद्रांवर हे करायचं ठरतंय, आणि रात्रभर त्यांना स्वतःलाच एक गोष्ट आठवत होती.

“माझे आजोबा सांगायचे या सुपाबद्दल,” साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मी लहान होतो. त्यांच्या मांडीवर बसून ऐकलंय मी.”

साहेबांचे आजोबा शिंपी होते. केंद्र सुरू झालं त्याच्या आधीच ते वारले होते, आणि साहेबांचा जन्म त्यानंतरचा. पण सोळा वर्षांत साहेबांचा इतका निवळलेला चेहरा त्या केबिननं पाहिला नसेल.

मी वही उघडली आणि म्हटलं, सांगा साहेब, लिहून घेते.